मालक समोर असल्याशिवाय

९ जानेवारी

वन्सं,

“ह्या घरातल्या माणसाला कोंडून ठेवेल असं कुलूप अजून जन्माला यायचंय.”

आमच्या लग्नाच्या दिवशी तुम्ही माझ्या कानात हे सांगितलं होतं. सगळे फोटोसाठी रांगेत उभे, आणि तुम्ही मला सात वर्षांच्या धाकट्याची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, गोष्ट सांगत होतात. बाबांनी त्याला शिक्षा म्हणून अडगळीच्या खोलीत कोंडलं, आणि बाबा हात धुऊन जेवायला येईपर्यंत हा टेबलाशी येऊन बसलेला! मी इतकी हसले की त्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. बावीस वर्षं झाली. वन्सं, ते कुलूप आता जन्माला घाला. हात जोडते.

(वन्सं म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणूनच म्हणते. तुम्ही मला ‘घाई’ म्हणता तेव्हा मी कुठं तक्रार करते?)

आता दम धरून वाचा. तुमच्या भावाला विसरण्याचा आजार झालाय. म्हातारपणी होतो तोच, पण ह्याला बावन्नाव्या वर्षीच गाठलं. दीड वर्ष झालं. सुरुवात आपल्या कुलूप-किल्लीच्या दुकानात झाली. दोन गिऱ्हाइकांच्या नव्या किल्ल्यांची पाकिटं अदलाबदल झाली. मग पुन्हा झाली. मग एके दिवशी तो यंत्रासमोर उभा राहून मला म्हणाला, “हे सुरू कसं करतात गं?” आठ महिने दुकानाचं शटर खाली आहे. तुम्हाला कळवलं नाही, कारण त्यानं मला शपथ घातली होती. “ताईला सांगू नकोस, तिला वाटेल मी दुकान बुडवलं.” काल त्याला ती शपथच आठवेना. म्हणजे मी सुटले.

तो घरातून निघून जातो. डॉक्टर म्हणाले, “दाराला चांगलं कुलूप लावा.” माशाला अडवायला पाणी सोडा म्हणण्यातला प्रकार! पहिलं कुलूप त्यानं जेवायच्या काट्यानं चार मिनिटांत उघडलं. दुसरं माझ्या केसांच्या पिनेनं, आणि पीन मला परत आणून दिली. तिसरं स्वतःच्या चष्म्याच्या काडीनं. गेल्या मंगळवारी मी आंघोळीला गेले आणि हा चौकात. तिथली सिग्नलची पेटी उघडली! दिवे बंद, चारी बाजूंनी भोंगे, आणि हा मधोमध उभा राहून लोकांना सांगतोय, “पेटीचं कुलूप अगदीच हलकं आहे, तक्रार करा.”

मी तिथं उभी राहून हसले, वन्सं. घरी येऊन तिन्ही कुलपं एकदम लावली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आणखी एकदा असं झालं तर त्याला घरी ठेवणं धोक्याचं आहे असं ते लिहून देतील. मग त्याला कुठल्यातरी संस्थेत जावं लागेल. मला तो घरी हवाय. मी घरीच बसून छापखान्याची मुद्रितं तपासते, चोवीस तास त्याच्याजवळ असते. पण माणूस आंघोळीला जातो, माणसाला डुलकी लागते.

तुम्ही कारखान्यात आयुष्यभर कुलपांची परीक्षा घेतलीत. एक असं करा जे त्याला उघडणार नाही.

तुमची,
घाई

१७ जानेवारी

घाई,

दीड वर्ष! शपथ पाळायला तुला माझ्याच भावाची शपथ मिळाली? समोर असतीस तर कान उपटला असता. मग जवळ घेतलं असतं, पण आधी कान.

फोन केला नाहीस हे बरं केलंस. दाबयंत्रांनी माझ्या कानांची वाट लावलीय. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी मनानं घालते.

पत्र मी चार वेळा वाचलं. सिग्नलची पेटी वाचून चाचणी विभागात एकटीच हसत बसले. पोरींना वाटलं बाईंना लॉटरी लागली. मग पाचव्यांदा वाचायला घेतलं आणि जमेना.

असो. कुलूप करते. पण कुलूप माणूस बघून करायचं असतं, तेव्हा मला माहिती पाठव. तो सुरुवात कुठल्या हातानं करतो? डोळे उघडे की मिटलेले? कान लावतो का? कुठं थांबतो? चिडतो का, आणि चिडला की हात हलका होतो की जड? सगळं लिही, काही गाळू नकोस.

दुसरं म्हणजे किल्ली तुझ्या गळ्यात राहील आणि तिनं आतून एका झटक्यात दार उघडता आलं पाहिजे. घरात आग लागली तर? घाईघाईत हे विसरशील म्हणून मीच लिहून ठेवते.

तिसरं तुला आवडणार नाही. माझ्या घरापासून पाच मिनिटांवर अशा लोकांसाठी एक निवास आहे. स्वच्छ आहे, बाग आहे, बायका प्रेमळ आहेत. मी काल जाऊन आले. कुलूप होईल तेव्हा होईल. तू एकटी आहेस, आणि तो माझा भाऊ आहे. विचार कर.

– ताई (वन्सं म्हणालीस तर कुलूप पाठवणार नाही.)

२५ जानेवारी

वन्सं,

अक्षराकडे बघू नका, बसमध्ये लिहितेय.

घ्या माहिती! तीन दिवस वही घेऊन त्याच्या मागं बसले होते. दारावर मुद्दाम जुनी कुलपं लावत गेले. इतकी मजा मला कित्येक महिन्यांत आली नव्हती.

सुरुवात डाव्या हातानं. उजव्यानं दाराची चौकट धरतो, आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसा. डोळे मिटलेले. डावा कान कुलपाजवळ. तोंडानं काहीतरी गुणगुणतो, सूर नसतोच. चिडत नाही. कुलूप अवघड निघालं तर उलट खूश होतो आणि म्हणतो, “हां, आता बोल.” सोपं निघालं तर मात्र कंपनीवर तोंडसुख घेतो. काल म्हणाला, “ह्याच्यापेक्षा दाराला दोरी बांधा, चोराला निदान गाठ सोडावी लागेल.”

आणि सर्वांत महत्त्वाचं! कुलपाच्या आतली चौथी पीन खट्‌ करून जागेवर बसली की तो थांबतो, हातातला तारेचा आकडा तसाच कुलपात ठेवतो आणि चहा मागतो. प्रत्येक वेळी चौथी! मी सहा कुलपांवर मोजलं. चहा पिऊन झाला की पाचवीला हात. हे कुठून आलं?

बाकी सगळं ठीक आहे. जेवतो, झोपतो. निवासाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी वाचलं, एवढंच लिहिते.

कुलूप लवकर!

घाई

१६ फेब्रुवारी

घाई,

सोबतच्या खोक्यात तुझं कुलूप आहे. तेरा वर्षांत मी स्वतःच्या हातानं केलेली ही पहिली वस्तू. हाताखाली चाळीस माणसं असली की हात फक्त सह्या करतात. तीन आठवडे रोज कामाची पाळी संपल्यावर थांबले. कानस धरल्यावर पहिल्या दिवशी बोटं माझी नव्हतीच, चौथ्या दिवशी झाली. विभागातल्या पोरी घरी जायला तयार नाहीत, टेबलाभोवती उभ्या! एकीनं विचारलं, “बाई, हे कुणासाठी?” म्हटलं, “जगातल्या सर्वांत वाईट गिऱ्हाइकासाठी.”

चौथ्या पिनेनंतरचा चहा बाबांचा. “चार झाल्यावर माणसाला वाटतं आपण जिंकलो, तेव्हा उठून चहा प्यायचा” असं ते म्हणत. म्हणून मी काय केलंय ऐक. ह्यात सात पिना आहेत. सातही एका रेषेत आल्याशिवाय कुलूप फिरत नाही. पण चौथी पीन बसल्यावर फक्त तीन मिनिटं बसलेली राहते. मग आवाज न करता हळूहळू खाली उतरते. तो चहा पिणार, परत येणार, पाचवी उचलणार, आणि चौथी कधीच पडलेली असणार! त्याला वाटेल पाचवी चुकली. शोधत बसेल बिचारा. माझ्या हसण्याला माफ कर. लहानपणी त्यानं मला इतकं छळलंय की हा एक सूड मला हवाच होता.

आणि आता खरं सांग. बसमधलं अक्षर मला ओळखता येतं. बस सगळीकडे हलते. तुझं अक्षर एकाच बाजूला कललंय आणि प्रत्येक काना वेगळ्या मापाचा आहे. तू डाव्या हातानं लिहिलंयस. उजव्याला काय झालं?

– ताई

२ मार्च

वन्सं!!

नऊ दिवस! नऊ दिवस झाले आणि कुलूप उघडलेलं नाही!

दुपारी मी झोपले. चक्क दोन तास. उठून धावत दाराशी गेले, तर कुलूप जसंच्या तसं आणि तुमचा भाऊ खुर्चीत. समोरच्या घरातल्या निवृत्त बाईंना जिन्यात गाठून सांगितलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या. म्हणाल्या, “नऊ दिवस हा योगायोग नव्हे.”

तुमच्या पोरींना सांगा. तुम्ही जिंकलात!

घाईत,
घाई

९ मार्च

घाई,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरींनी टेबलं वाजवली, कारखान्याच्या व्यवस्थापकांनी येऊन काय चाललंय विचारलं, आणि मी त्यांना सांगितलं की माझ्या भावाला नऊ दिवसांत माझं कुलूप उघडता आलेलं नाही. ते म्हणाले, “मग?” त्यांना काय कळणार! अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस खुर्चीवरून उडी मारतो तेव्हा त्यामागं बरंच साठलेलं असतं.

बाबांनी आम्हा दोघांना एकाच बाकावर शिकवलं. तो उजव्या बाजूला, मी डाव्या. पहिला धडा कुलपाचा नव्हताच. “मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही.” कुणी येऊन म्हटलं माझी किल्ली हरवली, तर आधी विचारायचं की घर तुमचं कशावरून? दारामागं काय आहे ते सांगा. ओळख पटली तरच अवजारांची पेटी उघडायची. बाबांनी ह्या बाबतीत देवालाही सोडलं नसतं. घरमालकाला स्वतःच्याच दारात पाऊण तास उभं केलेलं मी पाहिलंय.

माझा हात चांगला होता. हे मी म्हणत नाही, बाबाच म्हणायचे. पण दुकान द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले, “पाटीवर मुलाचं नाव बरं दिसतं.” दुसऱ्या दिवशी मी निघाले. तेव्हापासून त्या दुकानाची पायरी चढले नाही, आणि चढणार नाही. धाकट्यावर राग नव्हता. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा, मान खाली घालून उभा होता. पण काही बोललाही नाही.

तेव्हा नऊ दिवस म्हणजे मला काय, ते तुला कळलं असेल.

तरीही निवासात मी त्याच्यासाठी खोली धरून ठेवलीय. एक एप्रिलपर्यंत. कुलूप दार सांभाळतं, माणसाला सांभाळत नाही. आणि उजव्या हाताचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

– ताई

१६ मार्च

वन्सं,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता सगळं सांगते. आधी वाईट, मग चांगलं. चांगलं इतकं चांगलं आहे की तुम्ही वाईटाशी थांबू नका, पुढं वाचा.

उजवं मनगट मोडलंय. जानेवारीतच, तुमचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात. तो जिन्यावरून निघाला, मी मागून दंड धरला, त्यानं वळून पाहिलं आणि त्याला मी ओळखू आले नाही. कुणी अनोळखी बाईनं धरल्यावर माणूस करील तेच त्यानं केलं. हात सोडवून घेतला. मी चार पायऱ्या खाली. त्यानंच मला उचललं आणि फार अदबीनं विचारलं, “बाई, लागलं का? घरी कुणाला कळवू?” हे डॉक्टरांना कळलं असतं तर कागद तयार होता. तुम्हाला कळलं असतं तर खोली. म्हणून ती बसची थाप.

आता दुसरं. तुमचं कुलूप त्यानं हरून सोडलेलं नाही, वन्सं. त्यानं त्याला हातच लावला नव्हता.

नऊ दिवस तो दाराजवळच्या खुर्चीत बसून होता, गुडघे जुळवून, अवजारांची पेटी मांडीवर, परक्या घरी गेल्यासारखा. मला वाटलं विचार करतोय. तुम्हाला पत्र टाकून आले आणि मोठ्या ऐटीत विचारलं, “काय, जमत नाही का?” तो उठून उभा राहिला. माझ्यासाठी! आणि म्हणाला, “बाई, मालक कधी येणार? मालक समोर असल्याशिवाय आम्ही हात लावत नाही.”

“हे घर कुणाचं आहे?” मी विचारलं.

“ते मला काय माहीत? मी कामावर आलोय.”

आधीची सगळी कुलपं तो उघडत होता कारण घर त्याचं होतं. आपल्या घराचं दार माणूस उघडणारच. त्याला मी आजार म्हणत होते. आणि ज्या दिवशी त्यानं उघडणं सोडलं, त्या दिवशी मी तुम्हाला दोन-दोन उद्गारचिन्हं घालून पत्र लिहिलं. तुमचं उत्तर आलं तेव्हा मला हे माहीत होतं. पण टेबलं वाजवणाऱ्या पोरी डोळ्यांसमोर आल्या आणि लिहिण्याचा धीर झाला नाही.

आता चांगलं!

रडून झाल्यावर (मला रडणंही घाईतच जमतं) माझ्या डोक्यात आलं की त्याला मालक हवाय ना? मालक देऊ. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्याला बूट घातले, पेटी हातात दिली, दोघं जिन्यात आलो. मी दार ओढून घेतलं, तुमचं कुलूप फिरवलं, किल्ली खिशात टाकली. आम्ही दोघंही आमच्याच घराबाहेर.

“मी मालकीण,” म्हटलं, “किल्ली हरवलीय. दार उघडून द्या.”

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “घर तुमचं कशावरून?”

“मी राहते इथं!”

“सगळे असंच म्हणतात. दारामागं काय आहे?”

“सोफा आहे. घड्याळ आहे.”

“सोफा चोरालाही सांगता येतो. दारातून दिसत नाही ते सांगा.”

समोरच्या बाई आवाज ऐकून दारात आल्या होत्या. मला लाज वाटत होती, तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखी.

“स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद केला की गळतो. सैल सोडला की गळत नाही.”

“वायसर बदला. पुढं?”

“कपाटात एक टोपी आहे, ती कुणीच घालत नाही.”

“ती प्रत्येकाच्या घरात असते. बाई, वेळ घालवू नका.”

मग मी कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. “आतल्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीनं पट्टी आखलेली आहे. मूल होईल म्हणून माझ्या नवऱ्यानं आधीच आखून ठेवली, उंची मोजायला. मूल झालं नाही. मग आम्ही एकमेकांचीच उंची मोजायला लागलो. दर वर्षी. मी सोळा वर्षं तेवढीच आहे. तो गेल्या वर्षी अर्धं बोट कमी भरला आणि म्हणाला पट्टी चुकली.”

त्यानं पेटी उघडली.

“ओळख पटली,” तो म्हणाला, आणि गुडघे टेकून बसला.

चाळीस मिनिटं, वन्सं! उजवा हात चौकटीवर, डोळे मिटलेले, गुणगुणणं सुरू. समोरच्या बाईंनी खुर्च्या आणल्या. तिसऱ्या मजल्यावरचे लोक पायऱ्यांवर बसले. “हां, आता बोल,” तो कुलपाला म्हणाला आणि मी तुमच्यासाठी आनंदानं जवळजवळ ओरडले. चौथी पीन बसली. त्यानं चहा मागितला. बाईंनी कप दिला. तो तोंडापर्यंत नेला आणि तिथंच थांबला. कान पुन्हा कुलपाला लावला. कप भरलेलाच खाली ठेवला आणि हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“लबाड! मी चहा पितोय तोवर हिला खाली उतरवते! ही ताई. ताईशिवाय कुणाचं काम नाही हे.”

तुमचा फोटो दाखवला की दोन महिने तो विचारतोय, “ह्या बाई कोण?” हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. फोटोत तुम्ही त्याला सापडला नाहीत. कुलपात सापडलात.

मग चहा न पिता त्यानं एका दमात सातही पिना उचलल्या. खटका वाजला. जिन्यात टाळ्या पडल्या. त्यानं दार ढकललं, बाजूला झाला आणि म्हणाला, “या, मालकीणबाई.” मी आत गेले. तो मागून आला, कोट स्वतःच्या खुंटीवर अडकवला आणि सरळ आतून हाक मारली, “अगं, जेवायला काय आहे?”

घरी आला होता!

तेव्हापासून रोज चार वाजता आम्ही हे करतो. तो रोज नव्यानं विचारतो, आणि मी रोज नवीन सांगते. कालचं सांगितलं तरी त्याला चाललं असतं, पण मला चालत नाही. बावीस वर्षांचा साठा आहे माझ्याकडे. दिवसभर मुद्रितं तपासताना मी आज काय सांगायचं ते ठरवत असते, पहिल्या भेटीला जाणाऱ्या मुलीसारखी. दिवसाचे बाकीचे तास दुकानाचा नियम त्याला दारापासून दूर ठेवतो. बाहेर एकदाही गेला नाही.

खोली सोडून द्या, वन्सं.

घाई

२२ मार्च

घाई,

पत्र मी कामावर वाचलं आणि यंत्रं बंद करायला सांगितली. वाचताना आवाज नको होता. पुन्हा सुरू करायची राहूनच गेली, कुणीतरी येऊन केली.

माझं कुलूप त्यानं उघडलं ह्याचा आनंद मला ते नऊ दिवस टिकलं त्याच्या आनंदाहून जास्त झाला, हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही. ‘लबाड’ म्हणाला? नक्की हाच शब्द?

पण आता मोठ्या बहिणीचं ऐक. मनगट मोडलेलं, ते लपवलेलं, आणि तू एकटी. आज त्याला तुझी ओळख पटते कारण तू सांगतेस ते त्याच्या आत कुठंतरी शिल्लक आहे. एक दिवस नसेल. त्या दिवशी तो म्हणेल ओळख पटली नाही, आणि तू स्वतःच्या दाराबाहेर उभी राहशील. तेव्हा काय करशील? दुसरं माणूस हवं, घाई. तुझ्याकडे ते नाही, इथं आहे.

अर्ज सोबत आहे. एक तारखेच्या आत सही करून पाठव. डाव्या हातानं केलीस तरी चालेल.

– ताई

२७ मार्च

वन्सं,

‘लबाड’ म्हणाला. नक्की हाच शब्द.

अर्ज परत पाठवतेय, सही न करता. पण तुमचं बोलणं खरं ठरलं. तो दिवस कालच आला.

चार वाजता जिन्यात मी त्याला सांगितलं की आमच्या उशीच्या अभ्र्याला एका कोपऱ्यात शिवण सुटलीय आणि तो झोपताना त्यात बोट घालतो. त्यानं मन लावून ऐकलं. पेटी मात्र उघडली नाही. “तुम्ही म्हणता ते खरं असेल, बाई,” म्हणाला, “पण मी नोकर माणूस. आमच्या मालकीणबाईंना विचारल्याशिवाय नाही.”

“कुठल्या मालकीणबाई?”

“दुकानाच्या. आमची ताई. बाहेरगावी गेलीय. ती येऊन दुकान उघडेपर्यंत कामं बंद आहेत.”

“दुकान तर तुमचं आहे ना?”

तो माझ्या अज्ञानावर हसला. “छे! दुकान ताईचं. मी उजव्या बाजूला बसतो.”

समोरच्या बाईंनी त्याला चहाला आत नेलं, मी खिशातल्या किल्लीनं दार उघडलं. मग आज सकाळी बाईंना त्याच्याजवळ बसवून मी दुकानात गेले. शटर अर्धं वर करून वाकून आत शिरले. वन्सं, तो बाक एवढा लांब, आणि झिजलाय फक्त उजवीकडे. डावीकडचं लाकूड नवं करकरीत आहे. एकही ओरखडा नाही. बावीस वर्षं मी त्याला डबा द्यायला तिथं जात होते आणि मला वाटायचं डावीकडे उजेड कमी पडतो. उजेड डावीकडेच जास्त आहे. इतकी वर्षं गिऱ्हाइकांची गर्दी असतानाही त्यानं तिथं साधी कानससुद्धा ठेवली नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला जे बोलता आलं नाही, ते तो चौतीस वर्षं पाळत बसला होता. आता बाकी सगळं गळून पडलं आणि हे तेवढं वर आलंय.

इतक्या आनंदानं मी कधी रडले नव्हते. मला कळेना कुणाला सांगू, म्हणून तिथंच बाकावर वही ठेवून हे लिहितेय. डाव्या हातानं, आणि उजव्या बाजूला बसून.

दुसरं माणूस हवं हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पण ते माणूस तुमच्या त्या बागेत नाही. तुम्ही नाही म्हणणार, हे मला तुमच्याआधी पाठ आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, हाताखाली चाळीस माणसं आहेत, कान गेलेत, आणि पायरी न चढण्याचा शब्द तुम्ही स्वतःला दिलाय. तुमची सगळी कारणं खरी आहेत.

तरी मागते. ज्या तारखेला तुम्ही त्याला तिकडं बोलावलंय, त्या एक एप्रिलला तुम्ही इकडं या. पाहुण्या म्हणून नको, पेटी घेऊन या. त्याच्या डोळ्यांदेखत शटर वर करा, डाव्या बाजूला बसा, आणि माझ्या नवऱ्याला कामावर ठेवून घ्या.

घाई